टेपा वीस, ड्राइव्ह दोन, तरी "मीडिया उपलब्ध नाही": एलटीओ-६ आणि एलटीओ-८ एकाच लायब्ररीत

प्रश्न थोडक्यात असा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी नागरी सहकारी बँक. मुख्य शाखेत नेटबॅकअप (बॅकअप घेणारं सॉफ्टवेअर) आणि दोन ड्राइव्हची छोटी टेप लायब्ररी (रोबोट आतल्या आत टेपा बदलतो ती पेटी), दोन्ही ड्राइव्ह एलटीओ-६, म्हणजे एलटीओ जातीच्या टेपांची सहावी पिढी. त्यातला एक गेला. तसाच दुसरा मिळेना, म्हणून वेंडरने त्या जागी एलटीओ-८ बसवला आणि सोबत २० कोऱ्या एलटीओ-८ टेपा दिल्या. पहिल्याच रात्री बॅकअप ९६ नंबरच्या एररने पडला, म्हणजे लिहायला टेपच मिळाली नाही. वेंडरच्या माणसाने दुसऱ्या दिवशी दुरूनच ड्राइव्हचा प्रकार बदलला. ९६ गेला, पण तेव्हापासून टेपा फ्रोझन होतात (सॉफ्टवेअर त्यांच्यावर पुढे लिहीत नाही), मधूनच एखादा ड्राइव्ह डाउन होतो (वापरातून बाहेर जातो), आणि जुन्या टेपेवरून रिस्टोर एकदा होतो, एकदा होत नाही. विचारणाऱ्या भाऊंचं वाक्य जसंच्या तसं: "टेपा तं समोर दिसून रायल्या, मंग हे मीडिया नाही काऊन म्हणते?"

भाऊ, तुमच्या टेपा खराब नाहीत, आणि ड्राइव्हही बहुधा ठीक आहेत. गडबड नावांची आहे. नेटबॅकअपमध्ये एचकार्ट, एचकार्ट२, एचकार्ट३ असे जे मीडिया टाइप दिसतात, ते टेपेची पिढी सांगत नाहीत. एचकार्ट३ म्हणजे एलटीओ-३ असा समज मी अमरावतीपासून गडचिरोलीपर्यंत ऐकलेला आहे. तो चूक आहे. अर्ध्या इंचाच्या कार्ट्रिजसाठी ठेवलेल्या या तीन रिकाम्या पाट्या आहेत. कोणती पाटी कोणत्या पिढीला लावायची हे लावणारा ठरवतो, आणि कोणी ठरवलं नाही तर सेटअप करणारा विझार्ड आपल्या मनाने ठरवतो. त्यानंतर सॉफ्टवेअर एवढंच बघतं की टेपेची पाटी आणि ड्राइव्हची पाटी एक आहे का. जिनिंगमध्ये गाठीवर जो मार्का असेल त्याप्रमाणे गोडाऊनचं रजिस्टर चालतं, आतला कापूस कोणी उलगडून बघत नाही, तसंच हे.

ड्राइव्हला मात्र खरं काय ते कळतं. प्रत्येक एलटीओ कार्ट्रिजमध्ये एक छोटी मेमरी चिप असते, टेप आत जाताच ड्राइव्ह ती वाचतो आणि न पटणारी पिढी असेल तर "इनकम्पॅटिबल मीडियम" म्हणून टेप परत करतो. म्हणजे रोबोट सॉफ्टवेअरच्या सांगण्यावरून टेप आणून घालतो आणि ड्राइव्ह ती नाकारतो. नेटबॅकअपला ही चूक पाटीची आहे हे समजत नाही. ते टेपेच्या किंवा ड्राइव्हच्या नावावर एरर मांडतं, आणि १२ तासांच्या खिडकीत ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त एरर झाले की टेप फ्रोझन, नाहीतर ड्राइव्ह डाउन.

आता तुमच्याकडे काय काय घडलं ते पाठवलेल्या माहितीवरून जुळवून बघतो. जुने दोन्ही एलटीओ-६ एचकार्ट३ होते. नवा ड्राइव्ह विझार्डने एचकार्ट२ म्हणून घेतला. इथपर्यंत खरं तर काही वाईट झालं नव्हतं, उलट बरोबरच झालं होतं. पण त्यानंतर २० नव्या टेपा आत घालून इन्व्हेंटरी, म्हणजे आतल्या टेपांची मोजदाद, मारली. बारकोडचा नियम लावलेला नसेल तर इन्व्हेंटरी रोबोटात आधी कॉन्फिगर असलेल्या ड्राइव्हचा प्रकार नव्या टेपांना चिकटवते. तो होता एचकार्ट३. म्हणजे एलटीओ-८ च्या सगळ्या कोऱ्या टेपा कागदोपत्री एलटीओ-६ च्या ड्राइव्हकडे गेल्या, आणि एलटीओ-८ च्या ड्राइव्हकडे त्याच्या पाटीची एकही टेप उरली नाही. ९६ तिथून आला.

मग दुरूनच नवा ड्राइव्हही एचकार्ट३ करून टाकला. आता दोन ड्राइव्ह, दोन जातीच्या टेपा आणि पाटी एकच. चार जोड्या शक्य, त्यातल्या दोनच चालणाऱ्या. ज्या रात्री नशिबाने एलटीओ-८ ची टेप एलटीओ-८ च्या ड्राइव्हात पडली त्या रात्री बॅकअप हिरवा. उलटं झालं तर फ्रोझन. रिस्टोरचंही तेच: जुनी टेप जुन्या ड्राइव्हात गेली तर वाचली जाते, नव्यात गेली तर नाही. "कधी होते, कधी होत नाही" अशी तक्रार ऐकली की मी आधी केबल बघत नाही, ड्राइव्हची यादी बघतो.

इथे एक गोष्ट वेंडरलाही माहीत नव्हती असं दिसतं, म्हणून लांबून सांगतो. एलटीओ-७ पर्यंत सरळ हिशोब होता: ड्राइव्ह आपली आणि आधीची एक पिढी लिहितो, आणि मागच्या दोन पिढ्या वाचतो. त्या हिशोबाने लोक समजतात की एलटीओ-८ एलटीओ-६ वाचेल. वाचत नाही. २०१७ मध्ये एलटीओ-८ आला तेव्हा हेडचं तंत्र बदललं, आणि हा ड्राइव्ह फक्त ७ आणि ८ वाचतो-लिहितो. २०२१ चा एलटीओ-९ फक्त ८ आणि ९. एलटीओ-१० तर मागची एकही पिढी घेत नाही. तुमचा उरलेला एलटीओ-६ ड्राइव्ह ४, ५ आणि ६ वाचतो, ५ आणि ६ वर लिहितो. थोडक्यात, तुमच्या लायब्ररीतल्या दोन ड्राइव्हमध्ये एकही टेप सामाईक नाही. सेटिंग कितीही फिरवा, ते एकमेकांची जागा घेऊ शकत नाहीत.

तेव्हा पाट्या वेगळ्याच ठेवायच्या. एलटीओ-६ ला एचकार्ट३ राहू द्या, एलटीओ-८ ला परत एचकार्ट२ करा. उलटं करायचा मोह आवरा. जुन्या टेपांवर इमेजेस (घेतलेले बॅकअप) आहेत आणि त्या कोणत्या डेन्सिटीत, म्हणजे कोणत्या पाटीखाली, लिहिल्या हे कॅटलॉगमध्ये (नेटबॅकअपच्या नोंदवहीत) नोंदलेलं आहे. ज्या टेपांवर डेटा आहे त्यांचं नाव बदलण्याच्या फंदात पडायचं नाही, कोऱ्या टेपांचं खुशाल बदला.

पण लगेच ड्राइव्हचं नाव बदलायला जाऊ नका. क्रम चुकला तर नवी अडचण होईल. मधल्या काळात एलटीओ-८ च्या काही टेपांवर बॅकअप यशस्वी झालेले आहेत आणि ते कॅटलॉगमध्ये एचकार्ट३ म्हणून नोंदले गेलेत. आज नवा ड्राइव्ह एचकार्ट२ केला तर उद्या त्या टेपा वाचायला नेटबॅकअप फक्त एलटीओ-६ चा ड्राइव्ह देईल, आणि तो त्या घेणार नाही.

म्हणून आधी टेपेवर जाणाऱ्या सगळ्या पॉलिसी (बॅकअपची ठरवून दिलेली कामं) थांबवा. "इमेजेस ऑन मीडिया" रिपोर्ट काढा आणि एलटीओ-८ च्या कोणकोणत्या टेपांवर काय आहे ते लिहून घ्या. फ्रोझन टेपा तशाच राहू द्या, त्या वाचता येतात. मग एलटीओ-६ चा ड्राइव्ह मुद्दाम डाउन करा, म्हणजे एचकार्ट३ ची प्रत्येक मागणी नाइलाजाने एलटीओ-८ कडेच जाईल. या अवस्थेत त्या टेपांवरच्या इमेजेस डिस्क स्टोरेज युनिटवर (नेटबॅकअपला लिहायला नेमून दिलेल्या डिस्कवरच्या जागेवर) डुप्लिकेट करा. टेपेवरून टेपेवर करायला तुमच्याकडे दुसरा एलटीओ-८ नाही, म्हणून मध्ये डिस्क हवी. जागा कमी असेल तर ज्यांची मुदत आठ-दहा दिवसांत संपते त्या सोडून द्या, महिनाअखेरचे आणि वर्षअखेरचे आधी घ्या. डुप्लिकेट झालेल्या दोन-तीन फाइल डिस्कच्या प्रतीवरून रिस्टोर करून बघा. मगच त्या एलटीओ-८ टेपेवरची प्रत एक्स्पायर करा (मुदत संपवून नोंदीतून काढा), आणि तेव्हाही फक्त टेपेवरचीच प्रत, अख्खी इमेज नाही. कमांडमध्ये कॉपी नंबर द्यायला विसरलं तर दोन्ही प्रती जातात.

हे झालं की टीपीकॉन्फिग कमांडने नव्या ड्राइव्हचा प्रकार एचकार्ट२ करा, डिव्हाइस मॅनेजर रिस्टार्ट करा, एलटीओ-६ चा ड्राइव्ह वर आणा. कोणता ड्राइव्ह कोणता याबद्दल सॉफ्टवेअरमधल्या नावावर जाऊ नका. व्हॉल्यूम मॅनेजरच्या फोल्डरमधली स्कॅन कमांड ड्राइव्हची स्वतःची ओळख दाखवते, त्यात अल्ट्रियमच्या (एलटीओचंच दुसरं नाव) पुढे ६ किंवा ८ आकडा असतो. "ड्राइव्ह ००१" नेमका वरचा की खालचा यावर दोन तास भांडणारे इंजिनियर मी पाहिलेत. सीरियल नंबर लायब्ररीच्या पॅनलशी ताडला की मिनिटात निकाल लागतो.

आता टेपा. यातच खरं काम आहे, आणि लोक नेमकं हेच गुंडाळतात.

बारकोडवर आठ अक्षरं असतात: पहिली सहा टेपेचा नंबर, शेवटची दोन पिढी. एल६, एल७, एल८ अशी. एकदाच लिहिता येणाऱ्या वर्म टेपांची खूण वेगळी, एलटीओ-६ साठी एलडब्ल्यू आणि एलटीओ-८ साठी एलवाय. साहजिकच वाटतं की नेटबॅकअपला सांगावं, शेवटी एल८ दिसलं की एचकार्ट२. तसं होत नाही. नेटबॅकअपचे बारकोड नियम सुरुवातीच्या अक्षरांवर जुळतात, शेवटच्या नाही. तुमच्या जुन्या टेपा ०००००१एल६ पासून आणि नव्याही ०००००१एल८ पासून सुरू होतात. दोघांची सुरुवात शून्यांचीच, मग नियम भेद कसा करणार?

दुसरा फास मीडिया आयडीचा. नेटबॅकअपचा आयडी सहा अक्षरांचा. आठ अक्षरी बारकोडातून ते मूळ सेटिंगला शेवटची सहा घेतं, म्हणजे ०००१एल६ आणि ०००१एल८. इथवर दोघं वेगळे राहतात. पण लायब्ररीच्या पॅनलवर शेवटची दोन अक्षरं गाळून सहाच पाठवायचं सेटिंग असतं, किंवा कोणीतरी पहिली सहा घ्यायचा नियम लावलेला असतो. मग दोन वेगळ्या टेपांचा आयडी एकच होतो, आणि इन्व्हेंटरी दुसरी टेप घ्यायलाच नकार देते. म्हणून आधी लायब्ररीत आठही अक्षरं चालू आहेत ना ते बघा, आणि एकदा चालू असलेलं सेटिंग नंतर कधीच बदलू नका. बदललं तर जुन्या प्रत्येक टेपेचा आयडी नवा दिसेल.

तुमच्यासाठी सोपा मार्ग हा. ज्या एलटीओ-८ टेपांवर काहीही लिहिलेलं नाही, किंवा आता सगळं डिस्कवर घेऊन मोकळ्या झाल्या आहेत, त्या नेटबॅकअपच्या यादीतून डिलीट करा. टेपेला काही होत नाही, फक्त नोंद जाते. फ्रोझन असतील त्या आधी अनफ्रीझ. त्यांची जुनी लेबलं काढून नव्या सुरुवातीची लावा, समजा वायएल८००१एल८ पासून पुढे. मग दोन नियम लिहा: वायएल८ ने सुरू झालं की एचकार्ट२, शून्यांनी सुरू झालं की एचकार्ट३. तिसरा सीएलएन चा, क्लीनिंग टेपेसाठी. त्यानंतर इन्व्हेंटरी मारताना आधी प्रीव्ह्यू बघा. प्रत्येक एल८ टेपेसमोर एचकार्ट२ दिसत असेल तरच अपडेट दाबा. मोकळ्या झालेल्या टेपेवर जुनं अंतर्गत लेबल शिल्लक असतं, ते नव्या आयडीशी जुळणार नाही, म्हणून तेवढ्या टेपांना एकदा नवं लेबल लिहून घ्या. ते लिहिलं की आधीचा डेटा संपला असं धरून चाला. जिच्यावर हवा असलेला डेटा आहे तिचं बाहेरचं लेबल कधीही बदलायचं नाही, याच कारणासाठी.

लेबलं छापील आणि एलटीओसाठीचीच मागवा. ऑफिसच्या प्रिंटरवर कागदावर काढून डिंकाने लावलेली मी पाहिली आहेत. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या वर जातो, सर्व्हर रूमचा एसी रात्री लाइट गेल्यावर बंद पडतो, डिंक सुटतो, आणि कागदाचा तुकडा ड्राइव्हच्या तोंडात जातो. मग मीडिया टाइप बरोबर असूनही काही चालत नाही.

क्लीनिंग टेपेबद्दल एक ओळ: युनिव्हर्सल क्लीनिंग कार्ट्रिज दोन्ही ड्राइव्हना चालते, पण नेटबॅकअपमध्ये तिलाही पाटी लागते, एचसी३ किंवा एचसी२. एकच टेप दोन्ही पाट्यांवर नोंदता येत नाही, म्हणून दोन ठेवा.

स्टोरेज युनिट प्रत्येक डेन्सिटीचं वेगळं लागतं. जुनं एचकार्ट३ चं आहे, त्यात एकाच वेळी लिहिणारे ड्राइव्ह २ असं असेल, ते १ करा. नवं एचकार्ट२ चं बनवा, तेही १. व्हॉल्यूम पूल (टेपांचे गट) वेगळे करायची गरज नाही, स्क्रॅच पूलही (कोऱ्या टेपांचा गट) एकच चालेल, कारण टेप उचलताना डेन्सिटी बघितली जाते. माझं मत विचाराल तर यापुढे सगळं लिखाण एलटीओ-८ वर न्या, आणि एलटीओ-६ चा ड्राइव्ह वाचण्यासाठी आणि अडल्या वेळेसाठी राखा. त्याचं स्टोरेज युनिट "ऑन डिमांड ओन्ली" करा, नाहीतर ज्या पॉलिसीत "एनी अव्हेलेबल" निवडलेलं आहे ती गुपचूप तिकडे लिहीत राहील. चार-पाच कोऱ्या एलटीओ-६ टेपा मात्र लायब्ररीत राहू द्या. एलटीओ-८ बिघडला तर सुट्या भागाची वाट बघताना त्याच रात्र काढतील.

तो जुना ड्राइव्ह किती वर्षं लागेल, हा प्रश्न संचालक मंडळ विचारेल. सहकारी बँकांच्या अभिलेख जतनाचे १९८५ चे नियम काही नोंदी ५ वर्षं आणि काही ८ वर्षं ठेवायला सांगतात. तुमच्या शेवटच्या एलटीओ-६ टेपेपासून तेवढी वर्षं मोजा. तोवर तो एकटा ड्राइव्ह टिकेल यावर मी पैज लावणार नाही. म्हणून जुन्या टेपांवरचं दीर्घ मुदतीचं सामान हळूहळू एलटीओ-८ वर आणा. भरलेली एलटीओ-६ टेप २.५ टीबीची, ड्राइव्हचा वेग सेकंदाला १६० एमबी, म्हणजे एक टेप वाचायला सव्वाचार-साडेचार तास. कॉम्प्रेशन सोडून एलटीओ-८ ची टेप १२ टीबी, म्हणजे जुन्या चार टेपा एका नव्या टेपेत मावतात. इथे तुमचा विचित्र जोड उपयोगी पडतो: एलटीओ-६ मधून वाचायचं आणि त्याच वेळी एलटीओ-८ वर लिहायचं, मध्ये डिस्क लागत नाही. रविवारी दोन टेपा केल्या तरी सावकाश संपतं. फक्त यूपीएस जेवढा वेळ टिकतो तेवढ्यावर भिस्त ठेवू नका. जनरेटरला डिझेल आहे का ते आधी बघा, डुप्लिकेशन मध्येच तुटलं की ती इमेज पहिल्यापासून.

दुसऱ्या शाखेत ठेवलेल्या टेपा यासाठी एसटीने मागवाल. दुपारच्या गाडीच्या टपावर किंवा डिकीत नको. आल्यावर २४ तास सर्व्हर रूममध्येच पडू द्या, मग ड्राइव्हात घाला. जास्त वर्षं ठेवायच्या टेपांसाठी १६ ते २५ अंश तापमान सांगितलेलं असतं. आपल्याकडच्या तिजोरीच्या खोलीत उन्हाळ्यात तेवढं राहत नाही, त्यामुळे एक प्रत एसीच्या खोलीत असलेली बरी.

तुमच्या गावातल्या कॉलेजमध्ये किंवा पतसंस्थेत कोणी बॅक्युला किंवा बॅरिऑस हे बॅकअप सॉफ्टवेअर वापरत असेल तर तिथे हीच गोष्ट जरा वेगळ्या रूपात भेटते. तिथे ठरलेल्या तीन पाट्या नसतात. मीडिया टाइप ही तुम्ही लिहिलेली कोणतीही अक्षरं असतात. डायरेक्टरच्या (मुख्य प्रोग्रॅमच्या) स्टोरेजमध्ये आणि स्टोरेज डीमनच्या (टेपेवर लिहिणाऱ्या प्रोग्रॅमच्या) डिव्हाइसमध्ये ती हुबेहूब सारखी हवीत. तिथे मी सरळ पिढीचं नाव लिहितो, एलटीओ-६, एलटीओ-८, म्हणजे पुढच्या माणसाला कोडं सुटतं. नंतर कॉन्फिगमध्ये नाव बदललं तरी कॅटलॉगमधल्या जुन्या टेपांवर जुनंच नाव राहतं, तेवढं लक्षात ठेवा.

पुढच्या खरेदीचं. वेंडर आता एलटीओ-९ चं कोटेशन देईल. घ्यायला हरकत नाही, तो तुमच्या एलटीओ-८ टेपा वाचतो-लिहितो. मात्र एलटीओ-९ ची कोरी टेप पहिल्यांदा आत गेली की कॅलिब्रेशन चालतं, बऱ्याचदा पाऊण तास आणि कधी दोन तासांपर्यंत. तेवढ्यात सॉफ्टवेअरचा माउंट टाइमआउट (टेप तयार व्हायची वाट बघायची मुदत) संपून टेप फ्रोझन झाली तर घाबरू नका, नव्या टेपा दिवसा एकेक करून आधीच फिरवून घ्या. आणि कोणी स्वस्तात एलटीओ-७ च्या टेपा "एम८ करून ९ टीबीच्या होतात" म्हणून दिल्या तर नको म्हणा. त्या एलटीओ-८ शिवाय कुठेच चालत नाहीत, एलटीओ-७ मध्येही नाही आणि एलटीओ-९ मध्येही नाही. पाटी ठरवतानाही त्या तिसरीच जात होतात.

हे सगळं करूनही ९६ आला तर गुडीज फोल्डरमधली अव्हेलेबल मीडिया स्क्रिप्ट चालवा आणि टीपीकॉन्फिगची ड्राइव्ह यादी काढा. दोन्हींत एचकार्ट२ समोर काय दिसतं ते बँकेचं आणि सर्व्हरचं नाव खोडून इथेच टाका, बघतो.